चाकांवरचे घर आणि पाण्याचा नळ

हल्ली गाडीत संसार थाटून देशभर हिंडणाऱ्यांचे फार कौतुक होते. नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली, मागे गादी आणि शेगडी टाकली आणि निघाले! चित्रफितीत बघताना छान वाटते. गाडीचे मागचे दार उघडते, समोर धुके असते, हातात कॉफी असते. मात्र सकाळी उठल्यावर ही मंडळी जातात कुठे, हे कधी कोणी दाखवत नाही.

माझ्या चुलतभावाने जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याचे असेच घर केले आहे. आठवडाभराची अर्जित रजा टाकून मीही त्याच्याबरोबर निघालो. चोर्ला घाट, बेळगांव, संकेश्वर, तवंदीचा घाट आणि निपाणी. चार रात्री त्या गाडीत काढल्या. त्यावरून मोठे ज्ञान झाल्याचा आव मी आणणार नाही. परंतु सरकारी कारकून असल्यामुळे जागा, पाणी आणि परवानगी या तीन गोष्टींकडे माझे लक्ष आधी जाते, आणि गाडीतला संसार म्हणजे बहुतेक या तीनच गोष्टी असतात.

चाळीस लिटरची टाकी दोन माणसांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही. अंधार पडू लागला की थांबायचे कुठे हा प्रश्न भुकेच्याही पुढे येतो. ढाब्याच्या आवारात दिव्यांचा आणि ट्रकांचा त्रास, आडरानात कोणाची तरी जमीन. भारतात रिकामी जागा दिसते, पण मालक नसलेली जागा क्वचितच असते. गाडी घेतली म्हणजे मोकळे झालो हा समज पहिल्या संध्याकाळीच गळून पडतो. घरी आपण एका घरमालकाचे मिंधे असतो, रस्त्यावर रोज नव्या माणसाचे.

निपाणीच्या अलीकडे एका शेतकऱ्याने शेताच्या कडेला थांबू दिले. शेजारच्या रानात धनगरांचा तळ होता. घोड्यावरून उतरवलेली भांडी, घोंगड्या, कोंबड्या, वाघर लावून आत घेतलेली कोकरे. पुढे जाऊन विचारले, "मामा, इथे पाणी कुठे मिळेल?" म्हातारबाबा हसून म्हणाले, "पाव्हणं, पानी अंधार पडायच्या आत भरायचं असतंय. आनि मालकाला इचारल्याबिगर गाडी लावायची न्हाई." टाकीच्या कंपनीने एवढे माहितीपत्रक दिले होते, त्यात हे दोन नियम नव्हते.

धनगर दुसऱ्याच्या रानात राहतात, तरी ते उपकाराने राहत नाहीत. बकरी रात्रभर रानात बसवायची (या भागात मेंढ्यांनाही बकरीच म्हणतात), लेंडी आणि मूत जमिनीला मिळते, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. किती बकरी, किती रात्री, काय द्यायचे, हे सगळे आधी ठरते. म्हणजे ज्याच्या जमिनीवर मुक्काम, तोच भाडे देतो! चाकांवरच्या घरांची इतकी चर्चा जगात चालते, पण यापेक्षा शहाणी व्यवस्था मला तरी माहीत नाही. येणारा काहीतरी देऊन जातो, म्हणून पुढल्या वर्षी त्याची वाट पाहिली जाते. बाळूमामा याच परिसरातले. निपाणीजवळच्या अक्कोळात १८९२ साली धनगराच्या घरी जन्मले, आदमापुरात १९६६ साली गेले. त्यांच्या बकऱ्यांचे बग्गे अजून गावोगाव फिरतात आणि आपल्या रानात ते बसावेत म्हणून शेतकरी धडपडतात. भक्तीचा भाग आहेच, पण भक्तीच्या खाली खताचा रोकडा हिशेबही आहे. आणि १९५६ पासून ज्या सीमेवरून आपली भांडणे चालली आहेत, ती सीमा चारा बघून ओलांडली जाते.

रस्त्याच्या पलीकडे मात्र वेगळे चित्र होते. ऊसतोडीच्या टोळ्या. हालसिद्धनाथ, दूधगंगा, हिरण्यकेशी असे साखर कारखाने या पट्ट्यात आहेत आणि तोडीला बीडकडची माणसे येतात. टायरच्या बैलगाडीवर हंडे, पत्र्याची पेटी, पोरे घेऊन यायचे आणि उतरल्यावर बांबू-ताडपत्रीची कोपी उभी करायची. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हललेच जात नाही. चाके आहेत, पण जाण्याची मुभा नाही. उसाचे वाढे विकून मीठमिरची भागते. पाणी मात्र कोणाच्या तरी मोटारीवरूनच आणायचे.

अमेरिकेतही हेच दिसते. जेसिका ब्रूडर यांचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ साली आले, त्यावरचा चित्रपट २०२१ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. २००८ च्या मंदीत पुंजी गेलेली म्हातारी माणसे गाड्यांत राहतात आणि गोदामांत, शेतांत हंगामी कामे करतात. त्या कामांतले एक म्हणजे साखरेच्या बीटाची काढणी! तिथे बीट, इथे ऊस. साखरेला फिरती माणसेच लागतात असे दिसते.

आता आपल्या घराकडे येतो. निपाणी, कोल्हापूर, बेळगांवकडून बसगाड्या भरून माणसे गोव्यात येतात, रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवतात, भात शिजवतात. आम्ही नाके मुरडतो. २०१९ साली पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्याला दोन हजार रुपये आणि टोळक्याला दहा हजार दंड ठेवला. कायदा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. बाटल्या आणि उष्टे कोण उचलते हे किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. पण साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून रस्त्याने गाड्या हणजुण्यापर्यंत आल्या, त्या माणसांनीही किनाऱ्यावरच चुली पेटवल्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या, तो रस्ता बंद झाला. त्या दिवसांवर आम्ही आज आठवणींचे लेख लिहितो. शिजवणाऱ्याच्या कातडीचा रंग बदलला की चुलीचे नाव बदलते काय? निपाणीत आमच्या गाडीच्या मागे आम्हीही उघड्यावरच डाळ शिजवली. त्या शेतकऱ्याने दंड मागितला नाही, कोथिंबीर आणून दिली.

कार्यालयात माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक अर्जात पत्त्याचा रकाना असतो. कायमचा आणि सध्याचा, असे दोन. फिरत्या माणसाचा 'सध्याचा' पत्ता अर्ज पुढच्या टेबलावर पोचेपर्यंत जुना होतो. रेशनचे काही अंशी सुटले. 'एक देश एक रेशनकार्ड' २०१९ पासून सुरू झाले आणि २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचले, त्यामुळे बीडचे कार्ड निपाणीत चालायला हवे. पण पोरांची शाळा कार्डाबरोबर येत नाही. मराठी शाळेत चौथीत असलेले पोर हंगामभर कर्नाटकात उसाच्या फडात असते. त्याचे नाव हजेरीपटावर बीडात आणि ते स्वतः कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेले. गाडीत राहणाऱ्या हौशी माणसाला हा रकाना कधी अडत नाही, त्याचा कायमचा पत्ता शहरात शाबूत असतो. माझा चुलतभाऊसुद्धा आधार कार्डावर अजून म्हापशाचाच आहे.

गोवा सरकारकडे माझे मागणे फार मोठे नाही. चोर्ला उतरल्यावर केरीला, मोले नाक्याच्या आसपास आणि पत्रादेवीला एकेक मोकळी जागा आखून द्यावी. तिथे दोन नळ, चार संडास, कचऱ्याचा डबा आणि स्वयंपाकासाठी फरशी टाकलेली शेड असावी. रात्रीचे माफक भाडे घ्यावे आणि पावती द्यावी. पत्रादेवीला बस लावणाऱ्या निपाणीच्या कुटुंबाला आणि लाखोंची गाडी घेऊन येणाऱ्या मुंबईकराला दर एकच ठेवावा. त्यानंतर किनाऱ्यावर जो चूल पेटवील, त्याला दंड करताना निदान विचारता येईल की बाबा रे, तुला जागा दिली होती ना?

धनगरांना या जागेचा काही उपयोग नाही. त्यांचा तळ आम्ही उठायच्या आधीच हलला होता.