सीलबंद पाकिटाचा भरवसा

प्रश्नपत्रिका संगणकावरून पाठवायची आणि परीक्षेच्या सकाळी जवळच छापायची, असं कुणी सुचवलं की वऱ्हाडात तीन आक्षेप हमखास येतात. सीलबंद पाकीट जास्त सुरक्षित. मेळघाटात नेट नाही. आणि मराठी पेपरातली जोडाक्षरं मशीनवर फुटतात. तिन्ही आक्षेप तपासून पाहण्याजोगे आहेत.

आधी पाकीट. 3 मार्च 2023 रोजी बारावीचा गणिताचा पेपर सुरू होण्याआधीच त्याची पानं बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला मोबाइलवर फिरत होती. अमरावती, अकोल्यासह पाच जिल्ह्यांच्या अमरावती विभागीय मंडळातलाच हा प्रकार. अटक झालेल्यांत शिक्षक होते. पेपर मात्र रीतसर छापलेला, पाकीटबंद, पाकिटं सांभाळणाऱ्या परिरक्षण केंद्रातून आलेला. 2024च्या ‘नीट’मध्ये तर हजारीबागच्या शाळेत पोचलेली पेटीच परीक्षेच्या सकाळी उघडून फोटो काढल्याचं सीबीआयच्या तपासात निघालं. सील कागदाचं रक्षण करतं, ते उघडणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणाची हमी देत नाही.

यावर विरोधक म्हणतील, डिजिटल पेपरही फुटतो. फुटतोच. मुंबई विद्यापीठ पेपर ऑनलाइन पाठवत असताना नोव्हेंबर 2017 मध्ये टीवायबीएमएसचा (पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा) पेपर अंधेरीच्या महाविद्यालयात उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये सापडला होता. नुसतं तंत्र आणून भागत नाही, हे कबूल.

पण दोन्ही पद्धतींत फरक मोठा आहे. छापखान्यातला पेपर कित्येक दिवस हातोहात फिरतो: छपाई, गठ्ठे, वाहतूक, परिरक्षण केंद्र, शाळेपर्यंत पाकीट नेणारा रनर. डिजिटल पद्धतीत हा काळ तासाभरावर येतो. आणि छापखान्यातून आलेल्या सगळ्या प्रती सारख्याच. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून पेपर कुठून निघाला हे कळत नाही. स्थानिक छपाईत प्रत्येक पानावर केंद्राचा क्रमांक पार्श्वभूमीला उमटवता येतो. तेवढा भाग कापून कुणी फोटो काढू नये म्हणून तो मजकुरामागे, पानभर हवा. चोरी करणाऱ्याला आपलं केंद्र लगेच ओळखलं जाईल हे ठाऊक असणं, ही खरी जरब.

मंडळालाही शेवटच्या मिनिटांचं महत्त्व कळलेलं आहे. दहा मिनिटं आधी पेपर वाटण्याची सवलत 2023 मध्ये बंद करून ती दहा मिनिटं शेवटी दिली गेली, ती पेपर फुटण्याच्या धास्तीनेच.

आता नेट. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात रेंज जाते, हे खरं. पण कुलूपबंद फाइल दोन दिवस आधीच उतरवून ठेवता येते. परीक्षेच्या सकाळी लागतो तो फक्त पासवर्ड, आणि तो साध्या एसएमएसनेही येतो. प्रत्येक शाळेत छपाईचा हट्टही नको. तालुक्याच्या परिरक्षण केंद्रात दोन मशीन, एक जनरेटर आणि कॅमेरा पुरे. समजा एका केंद्राला 300 प्रती, प्रत्येकी 8 पानांच्या, म्हणजे 2400 पानं लागली. मिनिटाला 100 पानं काढणारं डुप्लिकेटर हे काम 24 मिनिटांत उरकतं. केंद्रं जास्त असतील तिथे मशीन वाढवावी लागतील आणि दूरच्या गावांसाठी छपाई थोडी आधी सुरू करावी लागेल.

फुटकी जोडाक्षरं हा मात्र घरचाच दोष. प्राश्निक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकन करतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की अक्षरांची गिचमिड होते. युनिकोडमध्ये टंकन, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आणि नियामकाने पडद्यावर नव्हे तर छापील नमुन्यावर केलेली तपासणी, एवढ्याने हा प्रश्न बराचसा मिटतो.

‘नीट’नंतर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीनेही पेपर डिजिटल पाठवून केंद्रावर छापण्याचा मार्ग सुचवला. अमरावती विभागाने थेट फेब्रुवारीच्या बारावीवर प्रयोग करायची गरज नाही. मुख्य परीक्षेपेक्षा पुरवणी परीक्षेला विद्यार्थी कितीतरी कमी असतात. त्यात अकोल्याचा एक तालुका आणि मेळघाटातला एक तालुका निवडावा, छपाईला लागलेला वेळ, बिघाड आणि खर्च जाहीर करावा, आणि मग पाकिटाच्या बाजूने उभ्या असणाऱ्यांनी आपलेही आकडे मांडावेत.