घाटात उतरण्याआधी जीपचा पुढचा भाग तपासा: वडाप मालक-चालकांना जाहीर आवाहन

कोल्हापूर, सातारा, सांगली भागात जिला वडाप म्हणतात, ती जुनी कमांडर किंवा मेजर जीप अजूनही रस्त्यावर आहे. आठवडी बाजार असो, वऱ्हाड असो की गणपतीला कोकणात उतरणारी मंडळी, पंचाईत झाली की तिचीच आठवण होते. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सलग अ‍ॅक्सल आणि त्याखाली पाटे. रचना दणकट खरी, पण एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्यापर्यंत पोचतोच. सांधे झिजले असतील, तर एखाद्या खड्ड्यातून चाक उसळताच स्टेअरिंग डावी-उजवीकडे असे काही झटके देऊ लागते की वेग उतरेपर्यंत ते हातात राहत नाही.

‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून हे सोडून दिले जाते. मालक-चालकांनी ते सोडून देऊ नये. आंबा, करूळ किंवा आंबेनळी घाटात प्रवासी घेऊन उतरण्याआधी ही थरथर नेमकी कुठून येते ते शोधावे.

गाडी हलते म्हटले की पहिली धाव अलाइनमेंटकडे असते आणि बहुतेकदा पैसे तिथेच वाया जातात. सांध्यात प्ले असेल, तर केलेले अलाइनमेंट टिकणार कसे? त्यापेक्षा थरथर केव्हा येते, हे चालकाने आधी मेस्त्रीला नीट सांगावे. ठरावीक वेगाला, समजा सत्तर-ऐंशीला, येते आणि वेग बदलला की ओसरते, तर संशय बॅलन्सिंगवर. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर डिस्क किंवा ड्रम बघायचा. हळू चालतानाही गाडी डुलत असेल, तर टायरला फुगा आलाय का, रिम वाकलीय का, ते पाहावे. आणि खड्ड्यानंतरच सुरू होत असेल, तर किंगपिन, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक आणि पाट्यांचे बुश यांच्यापासून सुरुवात करावी.

ही तपासणी दोघांत होते. गाडी सपाट जागी उभी करून एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे, दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवावे. हात फिरतोय पण पुढचा रॉड उशिरा हलतोय, अशी जागा बोटाला लगेच कळते. मग पुढचा भाग जॅकने उचलून खाली मजबूत स्टँड लावावा. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही गाडीखाली शिरू नये. चाक वरून-खालून धरून हलवावे. खडखडले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. खडखड थांबली तर व्हील बेअरिंग ढिले आहे, तशीच राहिली तर किंगपिन. चाक डावी-उजवीकडून धरल्यावर हलत असेल, तर बहुधा टाय रॉड एंड. यू बोल्ट सैल आहेत का, एखादा पाटा तुटलाय का, हेही त्याच वेळी बघून घ्यावे.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून स्टेअरिंग डॅम्पर बसवून दिला जातो. झटके दबतात, झीज मात्र तशीच चालू राहते. हे तर दुखण्यावर गोळी घेऊन कामाला जाण्यासारखे झाले.

व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. पण कागद हातात आल्यानंतरच्या पावसाळ्यात रस्ते काय करतात, ते सगळे जाणतात. त्यामुळे ज्या किंगपिनला निपल आहे, तिथे चाकावरचा भार उतरवून, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरून घ्यावे. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचावेत: ‘2318’ म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर जुने झालेले असू शकते.

चालत्या गाडीत झटके सुरू झालेच, तर चालकाने करकचून ब्रेक मारू नये. ॲक्सिलरेटर सोडून, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून वेग आपोआप उतरू द्यावा आणि गाडी बाजूला घ्यावी. अशा वेळी प्रवाशांनीही ‘चला लवकर’ म्हणून त्याच्यामागे लागू नये.

मेस्त्री मंडळींनाही एक विनंती: बदललेला भाग मालकाच्या हातात द्यावा. नवा टाय रॉड एंड बसवल्यावर आता खरोखर अलाइनमेंट लागते, तेही सांगावे. नटाला नवी स्प्लिट पिन घातली आहे का, हे मालकाने पैसे देण्याआधी स्वतः वाकून पाहावे.