जांगडावरची कला

डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेचे अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी टीव्हीवर ‘द अप्रेंटिस’ नावाची मालिका चालवायचे. २००४ साली ती सुरू झाली. उमेदवारांचे दोन गट पाडायचे, त्यांना धंद्याची कामं द्यायची आणि हरलेल्या गटातून कुणाला तरी घरी पाठवायचं. पहिल्याच वर्षी एक काम असं होतं की प्रत्येक गटानं एकेक चित्रकार निवडायचा आणि त्याची चित्रं गॅलरीत मांडून विकायची. ज्याची विक्री जास्त, तो गट जिंकला.

हाच खेळ आता आमच्या समाजातल्या तरुण मुलांना मेळाव्यात मांडायचाय. दोन गट असणार. कलबुर्गीत चित्रकला शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली आणि बिदरचे तरुण बिदरी कारागीर यांतून ते आपापले कलाकार निवडणार. ज्या गटाचा गल्ला मोठा, त्याला ढाल. ‘काकू, यात कलाकारांचाच फायदा आहे,’ असं मला समजावतात. मी म्हणते, कुणाचा फायदा ते आधी वहीत मांडून दाखवा.

आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बाया. जांगड म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. माल दुकानात ठेवायचा. विकला तर पैसे, नाही विकला तर परत. जोखीम सगळी माल देणाऱ्याची. इथंही तेच आहे. कॅनव्हास, रंग, चौकट हे चित्रकारानं पदरच्या पैशानं आणलेलं. बिदरीच्या एका सुरईमागे काय काय असतं बघा. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओतायचं, ते घासायचं, त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली माती नि नवसागर यांनी त्यावर काळा रंग चढवायचा. चांदी कारागिराची, दिवसही कारागिराचे. गटानं काय घातलं? गोड बोलणं आणि एक संध्याकाळ. तरी ढाल गटाला! मापात मारू नये, हे आपल्या अचौर्याच्या व्रतातच सांगितलंय. मग हात एकाचे आणि मान दुसऱ्याला, हे मापात मारणं नव्हे तर काय?

गल्ल्यावर हारजीत ठरली की शेवटच्या तासाला काय होतं, हे सेल लावणारा कुठलाही दुकानदार सांगेल. ‘पाच हजाराचं तीन हजाराला घेऊन जा!’ सवलत जाहीर करतो गट, पण ती जाते कलाकाराच्या वाट्यातून. आणि एकदा तीन हजाराला गेलं की पुढचं गिऱ्हाईक तिथूनच घासाघीस सुरू करतं.

निवडही तशीच होणार. चित्र काय सांगतंय, हे कोण बघतो? सोफ्याच्या वर शोभेल का, पडद्याला जुळेल का, आहेरात देता येईल का, एवढंच बघायचं. बावीस वर्षांची मुलगी यातून शिकणार काय? लहान काढ, गोड काढ, पटकन खपेल असं काढ. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १९५४ साली एका परदेशी डॉक्टरांनी १,४०० रुपयांना घेतलं होतं. २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते शंभर कोटींच्या वर गेलं. चित्र तेच होतं. एका संध्याकाळचा गल्ला कलेची पारख करत नसतो, एवढं तरी यातून कळावं.

‘मग विकायचंच नाही का? कलाकारानं उपाशी राहायचं?’ असं विचारतील. विकायचं, जरूर विकायचं. आपल्या गुलबर्ग्यात १९१६ साली जन्मलेले एस. एम. पंडित घराघरांत पोचले ते कॅलेंडरांमुळेच. विकणाऱ्याला भाड्याचा, जोखमीचा, मेहनतीचा मोबदला मिळायलाच हवा. माझं भांडण विकण्याशी नाही, ढालीशी आहे. बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती हातातल्या कामाला, गल्ल्याला नव्हे.

तेव्हा खेळ मांडायचाच असेल तर नियम बदला. गटानं माल जांगडावर न घेता रोख विकत घ्यावा. मग बघू निवड किती डोळसपणे होते. तेवढं जमत नसेल तर कलाकाराचा वाटा आधी लिहून ठरवा आणि सवलत आपल्या कमिशनमधून द्या. प्रत्येक पावतीवर कलाकाराचं नाव आणि किंमत हवी. हे नुसतं मानपानाचं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलम ५३अ आलं. मूळ चित्र किंवा शिल्प पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पण पहिल्या विक्रीची पावतीच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

आणि बायांनो, गिऱ्हाईक म्हणून तिथं जाणार आपणच. शेवटच्या तासाच्या सवलतीची वाट बघत थांबू नका. आधी विचारा, ‘हे कुणी केलं? त्यांना यातले किती मिळणार?’ उत्तर आलं नाही तर पर्स बंद करून बाहेर या. चार जणींनी असं केलं तरी पुढच्या वर्षी पावतीवर नाव येईल.