मज्जारज्जूच्या रुग्णांनो, मूतखड्याच्या कळेची वाट पाहू नका

माणगावसारख्या भागात मुंबई-गोवा महामार्गावरचा अपघात किंवा आंब्या-नारळाच्या झाडावरून पडणे यामुळे मज्जारज्जूला इजा होऊ शकते. जीव वाचतो, पण पायांची ताकद आणि लघवीवरचा ताबा जातो. घरचे पायांची काळजी करतात. मूत्रपिंडांकडे मात्र कुणाचे लक्ष नसते.

मूतखडा म्हणजे असह्य कळ, हे समीकरण इथे चालत नाही. संवेदनाच गेलेली असल्याने खडा मुकाट्याने वाढतो. अंथरुणावर पडल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत हाडांतले कॅल्शियम लघवीत उतरते. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. कायमची नळी असेल, तर तिच्यावर जंतू ठाण मांडतात. त्यांपैकी प्रोटियससारखे जंतू लघवी अल्कधर्मी करतात आणि खडे झपाट्याने वाढतात.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: हात चालत असतील, तर सोयीसाठी कायमची नळी ठेवू नये. स्वच्छ हात धुऊन दर 4 ते 6 तासांनी नळीने लघवी काढायला शिकावे. काहीही त्रास नसला, तरी वर्षातून एकदा सोनोग्राफी करावी. पुढच्या सोनोग्राफीची तारीख आम्ही डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्यावी.

वारंवार ताप, नळी तुंबणे, लघवीत रेती, पायांचा ताठरपणा अचानक वाढणे ही खड्याची लक्षणे असू शकतात. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि डोके ठणकून घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. रुग्णाला उठवून बसवा, नळी तुंबली आहे का पाहा आणि लगेच दवाखाना गाठा.

सोनोग्राफीचे पैसे वाचवून पुढे डायलिसिसची वेळ येणे, ही बचत परवडणारी नाही.