जाहीरनामा जपून ठेवा

निवडणुका आल्या की आमच्या वस्त्यांना एकाएकी महत्त्व येते. पाच वर्षे तोंड न दाखवणारे पुढारी उंबऱ्यापाशी हात जोडून उभे राहतात. नळ येईल, गटार बांधू, पोरांना नोकऱ्या लावू, घराचा उतारा नावावर करून देऊ! पुढे मतमोजणी होते, गुलाल उधळला जातो आणि गाड्या पुन्हा वस्तीकडे फिरकत नाहीत. मग घरोघरी एकच बोल ऐकू येतो : ‘कुणालाही निवडून द्या, आपल्याला काय फरक पडतो?’

हा वैताग खोटा नाही. फसवला गेलेला माणूस चिडणारच. पण बंधू-भगिनींनो, चिडून घरी बसलेला मतदार कुणाच्या पथ्यावर पडतो, याचा विचार आम्ही करणार की नाही?

शब्द कसा पाळावा, याचा धडा आमच्याच इतिहासात आहे. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. कुळांना जमीनदारांच्या जाचातून सोडवण्याचे वचन त्या पक्षाने दिले होते. कोकणात हा जाच खोतांचा होता. सरकारचा सारा वसूल करण्याच्या नावाखाली खोत कुळाला नागवत असे, वर वेठबिगारही घेत असे. फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणूक झाली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. मध्ये फक्त सात महिने गेले होते.

सत्ता बाबासाहेबांच्या हाती नव्हती. विधेयक पुढे सरकेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. खोती कायद्याने संपवण्यासाठी मात्र १९४९ चा कायदा यावा लागला. म्हणजे बारा वर्षे लागली. तरीही बाबासाहेबांनी फसवले, असे त्या कुळांना म्हणता आले नसते. शब्द देणारा माणूस सभागृहात भांडताना आणि रस्त्यावर चालताना त्यांनी पाहिला होता. आश्वासन लांबणे निराळे आणि आश्वासन टाकून देणे निराळे. हा फरक ओळखता आला पाहिजे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी १९७८ साली केला. प्रत्यक्षात १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही सोळा वर्षे समाजाने विसरण्यात घालवली नाहीत. मोर्चे निघाले, माणसे तुरुंगात गेली, घरे जळाली, जीव गेले. ठराव सरकारचा होता, पण तो जिवंत ठेवला लोकांनी.

आज ‘नोटा’चे बटण आहे. २०१३ पासून ते मतयंत्रावर आले. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तरी ज्याला सर्वाधिक मते पडली तो उमेदवार आमदार झालाच. राग नोंदवला गेला, पण हिशेब मात्र राहून गेला.

जाहीरनामा मोडला म्हणून कोर्टात खेचता येईल, असा कायदा आपल्याकडे नाही. आश्वासनासाठी पैसा कोठून आणणार, हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावे, एवढे आचारसंहिता म्हणते. तेव्हा तपासणी आम्हालाच केली पाहिजे.

किराणा दुकानदार दहा रुपयांची उधारी वहीत लिहून ठेवतो. आम्ही पाच वर्षांची उधारी लिहितो का? घरी आलेले पत्रक चुलीत घालू नका. महिला मंडळाने एक वही करावी. कोण आले, काय बोलले, कोणत्या तारखेला, हे शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. दर सहा महिन्यांनी ती वही घेऊन चार जणींनी त्या माणसाच्या दारात जावे. निधी मंजूर झाला म्हणतात, तो गेला कुठे? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तेही विचारता येते. ग्रामसभेत उठून विचारता येते.

आणि पुढच्या वेळी तोच माणूस उंबऱ्यावर आला, की त्याला आधी पाणी द्यावे आणि मग वही उघडावी.