थरथर गाडीची, परीक्षा निदानाची

पंधरा वर्षे झाली की आपल्याकडे गाडी कागदावर म्हातारी होते. नोंदणीची मुदत संपते, तपासणी होते आणि त्यात उत्तीर्ण झाली तर आणखी पाच वर्षे मिळतात. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजारांवर गेले. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे केंद्राचे धोरण २०२१ पासून आहेच. दिल्लीत तर २०२५ च्या १ जुलैपासून दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असे फर्मान निघाले. ओरड झाली आणि काही दिवसांतच ते गुंडाळून ठेवावे लागले. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको, असे सांगितले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते राखले. आता हे बीएस म्हणजे काय, तर फिरून गाडीची जन्मतारीखच!

धूर ही सार्वजनिक बाब आहे आणि त्यावर कायद्याने बोट ठेवले याबद्दल तक्रार नाही. पण वयावरून आजार ठरवण्याची ही सवय सरकारपुरती राहिलेली नाही. ती बाजारात आली, गॅरेजात आली आणि घरातही आली. गाडी थरथरू लागली, की ‘आता वय झालं तिचं’ असे सगळेच म्हणतात. त्या थरथरीचे नेमके कारण मात्र कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न जवळचा आहे. सुमंत मुळगावकरांच्या नावातून नाव घेतलेली टाटा सुमो १९९४ मध्ये पुण्याजवळून निघाली आणि पंचवीस वर्षे बनत राहिली. बोलेरो २००० मध्ये आली, स्कॉर्पिओ २००२ मध्ये. दोन्ही नाशिकच्या. या गाड्यांनी लग्नाची वऱ्हाडे नेली, पंढरपूर-शिर्डी केली, ऊसतोडीच्या मुकादमांपासून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांची सेवा केली. तीन-साडेतीन लाख किलोमीटर झालेली बोलेरो आजही तालुक्याच्या स्टँडवर भाडे मारताना दिसते. अशी गाडी थरथरू लागली म्हणजे त्या घरापुढे उभा राहतो तो हौसेचा नव्हे, मिळकतीचा प्रश्न.

आणि होते काय? मालक गॅरेजात जातो. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘दादा, गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल.’ खोलणे म्हणजे मोठा खर्च. मग कोणी कर्ज काढून खोलतो, कोणी पडेल त्या भावाने गाडी विकून टाकतो. यांतले बरेच गिअरबॉक्स बिचारे निर्दोष असतात.

थरथर बोलते, पण ती कधी बोलते हे ऐकावे लागते. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी हिसके देत असेल आणि एकदा वेग घेतल्यावर शांत होत असेल, तर संशय क्लचवर. प्लेट झिजून काचेसारखी गुळगुळीत झालेली असते किंवा इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून तिच्यावर आलेले असते. इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. प्लेट नवी बसते, सील जुनेच राहते आणि सहा महिन्यांत थरथर परत. दोष पुन्हा गाडीच्या वयाला! इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतात, त्या माउंटिंगांकडे (गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन) तर फारसे कोणी पाहतच नाही. ते रबर फाटले की धडधाकट क्लचही हिसके देतो, आणि ते बदलण्याचा खर्च गिअरबॉक्स खोलण्याच्या मानाने किरकोळ.

उलट उभी गाडी सुरळीत निघते आणि साठ-सत्तरच्या वेगात अंग झटकू लागते, तेव्हा वाट वेगळी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात क्षणभर क्लच दाबून पाहावा. (घाटात कदापि नव्हे.) थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा ताण हे तिचे कारण नव्हे. टायर, चाकांचा तोल, नाहीतर गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट तपासायचा. त्या शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मध्ये रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग असते. क्रॉसमधले ग्रीस संपले की सुया झिजतात, शाफ्ट डुलू लागतो. मागचे पाटे वर्षानुवर्षे दहा-दहा माणसे वाहून बसले असतील, तर शाफ्टचा कोनच बदलतो आणि नवा क्रॉसही थरथरतो. आणखी एक खोड अशी, की शाफ्ट काढताना खूण केली नाही आणि परत जोडताना एक-दोन दाते इकडचे तिकडे झाले, तर नसलेला आजार गॅरेजातूनच घरी येतो. चांगला मेकॅनिक म्हणूनच आधी खडूने रेघ मारतो आणि मग पाना हातात घेतो.

हे दुखणे अंगावर काढण्यासारखेही नाही. झिजलेला क्रॉस एखाद्या दिवशी तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो, आणि तेव्हा गाडीत कोण बसले आहे हे तो पाहत नाही.

ऑटोमॅटिक गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि आता त्याही जुन्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्या आहेत. त्यांच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाच्या माध्यमातून शक्ती पोचवणारे भांडे. गाडी स्थिर वेगाला लागली, की इंधन वाचवण्यासाठी आतला एक छोटा क्लच दोन्ही बाजू घट्ट धरतो. तो नीट धरेनासा झाला, घसरू-पकडू लागला, की गाडी टोलनाक्याअलीकडच्या खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरते. हे विशेष करून पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान आणि ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून ब्रेक अगदी हलका, मागचा दिवा लागेल इतकाच, स्पर्शावा. मागे वाहन नको, हे सांगायला नकोच. बहुतेक गाड्यांत त्या क्षणी तो छोटा क्लच सुटतो. थरथर तत्काळ थांबली तर चोर सापडला. न थांबली तर इंजिनाच्या ठोक्यांकडे, इंजेक्टरांकडे वळावे.

चोर सापडला तरी लगेच गिअरबॉक्स खोलायचा नसतो, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. जनरल मोटर्सच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या अनेक मोठ्या गाड्यांत आठ गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि त्यांतल्या कित्येक नव्याकोऱ्या गाड्या अशाच थरथरू लागल्या. टॉर्क कन्व्हर्टर बदलले गेले, तरी तक्रारी संपेनात. शेवटी बोट गेले ते तेलावर. ते हवेतला ओलावा शोषत होते आणि त्यामुळे क्लचची पकड बिघडत होती. कंपनीने वेगळे तेल ठरवून दिले आणि जुने पूर्ण काढून ते भरण्याच्या सूचना दुरुस्ती केंद्रांना पाठवल्या. प्रकरण कोर्टात गेले. सुमारे आठ लाख वाहनांच्या खरेदीदारांच्या वतीने सामूहिक दाव्याला २०२३ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने मान्यता दिली आणि २०२५ च्या जूनमध्ये वरच्या न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती रद्द केली. कायद्याचा निकाल काही लागो, नव्या गाड्यांची थरथर वयाच्या खात्यावर मांडता येत नाही, एवढे तर त्यातून दिसलेच.

आपल्याकडे ‘या गिअरबॉक्सला आयुष्यभर तेल बदलावे लागत नाही’ हे वाक्य विक्रेते मोठ्या विश्वासाने सांगत आले. कोणाचे आयुष्य, हे ते सांगत नाहीत. पहिल्या मालकाचे असावे! दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचे तेल काळे पडून जळका वास येत असेल, तर ते बदलून पाहण्याआधी मोठी दुरुस्ती करू नये. मात्र कंपनीने नेमून दिलेल्या प्रतीचेच तेल हवे, ‘सगळ्याला चालतं’ म्हणून विकले जाणारे नव्हे. आणि क्लचचे अस्तरच झिजून गेले असेल, तर तेलाने जादू होणार नाही हेही खरे.

मग इतक्या साध्या पायऱ्या टाळल्या का जातात? कारण आपल्या गॅरेजात निदान फुकट असते. पैसे मिळतात ते सुटे भाग बसवण्याचे. ज्याने तासभर गाडी चालवून, खाली झोपून शेवटी ‘फक्त रबर बदला’ असे सांगितले, त्याच्या पदरात किरकोळ मजुरी पडते. ज्याने गिअरबॉक्स उतरवला त्याचा आठवडा निघतो. यात मेकॅनिकचाच दोष मानणे अन्यायाचे होईल. डॉक्टरला तपासणीची फी आपण मुकाट्याने देतो, मेकॅनिकने मागितली तर भुवया उंचावतात. शिवाय नव्या गाड्यांच्या संगणकातली माहिती वाचायला लागणारी साधने आणि पुस्तके छोट्या गॅरेजला सहज मिळत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. ती माहिती सांगोल्याच्या किंवा सिन्नरच्या शटरपर्यंत पोचली, तर हा हक्क खरा.

यंत्रांच्या तपासणी केंद्रांत ब्रेक, धूर, दिवे बघितले जातात आणि ते हवेच. पण सत्तरच्या वेगात, हलक्या पायाखाली येणारी थरथर आवाराच्या आत सापडण्याची आशा थोडी. ती मालकालाच सांगावी लागते. म्हणून गॅरेजात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: थरथर कोणत्या वेगाला येते, कोणत्या गिअरला, गाडी थंड असताना की तापल्यावर, भार असताना की रिकामी. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्याने न्यावे आणि त्या चकरेचे पैसे आधी ठरवून द्यावेत. काढलेला भाग परत मागावा, आणि बिलावर भागाच्या नावाबरोबर तो बदलण्याचे कारणही लिहून घ्यावे.