सहा वीर आणि एक खेचर

पुढच्या सत्रात आपल्या हॉबी क्लबमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची नवी मोहीम सुरू होणार आहे. नाव दिलेल्या सहा कॅडेटांपैकी चौघांची पात्रे आताच तयार आहेत आणि चारही तलवारबाज आहेत. चौघेही अनाथ, चौघांनाही कोणाचा तरी सूड घ्यायचा आहे आणि चौघेही कोणाचे ऐकत नाहीत. अशी पात्रे कागदावर फार शोभतात. माझे म्हणणे एवढेच की, ती चार वेगवेगळ्या खोल्यांत बसून बनवू नयेत. पात्रे आणि सामान दोन्ही एकत्र बसून ठरवावे आणि ते ठरेपर्यंत फासे डब्यातच राहू द्यावेत.

पालकांपैकी अनेकांना हा खेळ माहीत नसेल. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, प्रत्येकाचे एक पात्र असते. एक जण गेम मास्टर, म्हणजे आपल्या नाटकातला सूत्रधार. पूल तुटला आहे, पलीकडे दिवे दिसत आहेत, काय करता, असे तो विचारतो आणि खेळाडू ठरवतात. ठरवलेले जमते की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. पैशांचा संबंध कुठेच येत नाही, त्यामुळे फाशांचे नाव ऐकून कोणी द्यूतपर्व आठवू नये. खेळाचे मूळ तर चक्क लष्करी आहे. प्रशियाच्या तोफखान्यातील राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, सोंगट्या, फासे आणि पंच घेऊन खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. अमेरिकेत १९६९ साली डेव्हिड वेस्ली याने अशाच एका युद्धखेळात पलटणींऐवजी प्रत्येक खेळाडूला एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या डेव्ह आर्नेसनने पुढे गॅरी गायगॅक्ससोबत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तयार केला.

आता सामानाकडे येतो, कारण वाद तिथेच होतो. आम्ही २०१४ सालच्या नियमपुस्तकाप्रमाणे खेळतो. त्यात 'एक्सप्लोरर्स पॅक' नावाची तयार पिशवी दहा सुवर्णनाण्यांना मिळते. अंथरूण, जेवणाची भांडी, चकमकपेटी, दहा मशाली, दहा दिवसांचा शिधा, पाण्याची पखाल आणि पन्नास फूट दोर, असे सगळे तिच्यात असते. एकट्याने विचार करणारा प्रत्येक जण हीच पिशवी उचलतो, आणि त्याच्यापुरते ते बरोबरही असते. पण सहा जणांनी सहा पिशव्या घेतल्या की टोळीजवळ तीनशे फूट दोर होतो. एका दोराचे वजन १० पौंड, म्हणजे नुसता दोरच ६० पौंड, सुमारे २७ किलो. मशाली साठ. एक मशाल तासभर जळते, तिचा उजेड २० फुटांपर्यंत स्वच्छ आणि पुढे आणखी २० फूट अंधुक पडतो. अरुंद भुयारात एक पुढे, एक मागे एवढ्या पुरतात. आठ तासांना सोळा लागतील. साठ कशाला हव्यात? चकमकपेट्याही सहा होतात आणि त्यांतल्या पाच तशाच परत येतात.

एवढे ओझे वाहणाऱ्या टोळीजवळ उपचारपेटी मात्र नसते. तिची किंमत ५ नाणी, वजन ३ पौंड आणि ती दहा वेळा वापरता येते. पात्राची जीवनशक्ती शून्यावर आली की ते कोसळते, आणि त्यानंतर प्रत्येक पाळीला त्याच्यासाठी फासा टाकावा लागतो. तीनदा उलटा पडला की पात्र संपले. उपचारपेटी असेल तर शेजारचा साथीदार त्याला फासा न टाकता सावरू शकतो. ती कोणीच का घेत नाही? कारण स्वतःची पिशवी भरताना स्वतः कोसळल्याचे चित्र कोणी डोळ्यांसमोर आणत नाही. दुसऱ्याच्या पिशवीचा विचार करायला बसलो तरच ते सुचते.

तीच गोष्ट खेचराची. खेचर ८ नाण्यांना मिळते आणि ४२० पौंड, म्हणजे सुमारे १९० किलो भार वाहते. बसायचा साधा घोडा ७५ नाण्यांना आणि लढाऊ घोडा ४०० नाण्यांना. घोडा सगळ्यांना हवा असतो. खेचर मागणारा कॅडेट मला अजून भेटलेला नाही, आणि आपल्या सेनेच्या आर्मी सर्व्हिस कोअरने डोंगरी ठाण्यांपर्यंत रसद पोहोचवायला खेचरे वापरली हे आपण सगळे जाणतो! मराठी पानावर रसदेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज लढायला बाहेर पडली, तेव्हा ती आधीच उपाशी होती.

पात्रांच्या बाबतीत मात्र मी इतका कडक नाही. एक लढवय्या, एक जादूगार, एक उपचार करणारा क्लेरिक आणि कुलपे-सापळे जाणणारा एक रोग (हा शब्द देवनागरीत लिहिला की घोटाळा होतो, म्हणून आमच्या टेबलावर त्याला चोरच म्हणतात), अशी चौकडी हवीच असे काही जण धरून बसतात. मला ते पटत नाही. सहाच्या सहा लढवय्ये हवेत असे सगळ्यांनी मिळून ठरवले तर ती उत्तम मोहीम होईल. मग औषधी काढे विकत घ्यावे लागतील, लढाया निवडून कराव्या लागतील, कुलपे कुऱ्हाडीने उघडावी लागतील आणि त्या आवाजाने पहारेकरी जागे होतील. त्यातही मजा आहे. पण हे आधीच ठाऊक असावे, तिसऱ्या रविवारी भुयारात कळू नये.

या दृष्टीने मला 'ट्रॅव्हलर' हा १९७७ सालचा अंतराळातला खेळ आवडतो. त्यातले पात्र कोवळे नसते. नौदलात, लष्करात किंवा व्यापारी ताफ्यात चार-चार वर्षांच्या मुदती पुऱ्या करून ते बाहेर पडलेले असते. एखाद्याला सेवेच्या शेवटी जहाज मिळते, पण कर्जासकट! किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला, असे ४८० महिने. गणिताच्या तासाला हे सांगितले तर कोणीही सांगेल की किंमत दुप्पट झाली. जहाज कागदोपत्री एकाचे असले तरी हप्त्याची काळजी सगळ्या टेबलाला असते. मंगूस पब्लिशिंगच्या २००८ सालच्या आवृत्तीत आणखी एक चांगली सोय आहे. दोन खेळाडूंनी आपल्या पात्रांच्या आयुष्यातली एखादी घटना एकमेकांशी जोडली की दोघांनाही एकेक जादा कौशल्य मिळते. शेवटी मोहिमेला लागणाऱ्या कौशल्यांच्या एका सामायिक यादीतून सगळे आळीपाळीने निवड करतात. हे दोन्ही नियम आपल्या टेबलावर उचलायला काहीच हरकत नाही.

आता थोडे अवघड. आपल्या टेबलावर आठवीपासून बारावीपर्यंतचे कॅडेट एकत्र बसतात. इथे कोणी सीनिअर नाही, कोणी ज्युनिअर नाही, असे आपण म्हणतो. पण काहीच आधी ठरवले नाही की सीनिअरपण हळूच टेबलावर येऊन बसते. सगळ्यांची निवड झाल्यावर उरलेला क्लेरिक ज्याच्या वाट्याला येतो तो बहुधा सर्वांत लहान असतो. चार तास तो इतरांच्या जखमा बांधतो. सापडलेली मंतरलेली तलवार बारावीकडे जाते आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. आठवीतला मुलगा दोन-तीन रविवार येतो आणि मग त्याला अचानक प्रेप आठवते. खेळ मोडतो तो बहुतेक वेळा असा.

म्हणून सामायिक कोठीचे नियम पहिल्याच बैठकीत लिहून काढावेत. मी सुचवतो ते असे. सहा जणांची लूट सात वाट्यांत वाटावी आणि सातवा वाटा कोठीत जावा. काढे (एक ५० नाण्यांचा), मशाली, उपचारपेटी आणि खेचराचा चारा त्यातून यावा. कोठीची वही सर्वांत धाकट्या कॅडेटकडे असावी आणि नोंदीशिवाय वस्तू बाहेर जाऊ नये. आपले स्टोअर हवालदार लेजरवर सही घेतल्याशिवाय बॅडमिंटनचे शटलही देत नाहीत, तसेच. मात्र कोसळलेल्या पात्राला काढा पाजण्यासाठी परवानगी लागू नये. जो जवळ असेल त्याने तो पाजावा, नोंद मागून होईल. आणि क्लेरिक कोणावरही लादू नये. कोणालाच नको असेल तर सातव्या वाट्यातून दोन काढे जास्त घ्यावेत.

यावर माझ्याच वर्गातले मित्र म्हणतात, आठवडाभर परेड, फॉलइन आणि किट इन्स्पेक्शन असते, रविवारी पुन्हा वही कशाला? शिवाय सगळे आधीच ठरले तर गंमत काय उरली? गंमत रहस्यांत असते, आणि ती खुशाल लपवावीत. तुमचे पात्र खरे तर शत्रूच्या राजाचा मुलगा आहे, हे फक्त गेम मास्टरला सांगा. पण दोर कोणाकडे आहे हे रहस्य असू नये.

काही शिक्षक या खेळाची बाजू घेताना म्हणतात की, यातून एसएसबीची तयारी होते. हेतू चांगला आहे. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये फळी, बल्ली आणि दोर सगळ्या गटात मिळून असतात आणि भार घेऊन सर्वांनाच पलीकडे जायचे असते, हे साम्यही खरे आहे. तरीही मला हा युक्तिवाद नको वाटतो. गुण मिळणार म्हटले की सहाही जण पुढारीपण करू लागतील, आणि आपण पुन्हा त्या चार अनाथ तलवारबाजांपाशी येऊ. रविवारचे चार तास कोणी गुण न देणारे राहू द्यावेत.

तर पहिल्या रविवारी येताना पेन्सिल, खोडरबर आणि एक आखलेली वही आणावी. फासे आणू नयेत. खेचराच्या नावासाठी मात्र वेळ राखून ठेवावा लागेल. आठवीच्या मुलांनी आताच सात नावे सुचवली आहेत आणि त्यांतली तीन हाऊस मास्टरांसमोर घेण्याजोगी नाहीत.